नांगर टाकलेल्या जहाजाचे माहात्म्य

8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद करणारा जो हुकूम निघाला, त्यात सरकारने दयाबुद्धीने काही सवलती ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक आमच्या मनातून अद्याप जात नाही. ज्या मालाची शिपिंग बिले हुकमापूर्वी दाखल झाली असतील आणि तो माल नेणारे जहाज धक्क्याला लागले असेल, किंवा बंदरात येऊन नांगर टाकून उभे असेल व दफ्तरी त्याचा क्रमांक पडला असेल, त्या मालास जाऊ द्यावे, असे ते कलम होते.

आता निफाडकडच्या शेतकऱ्याने रोप टाकताना पाऊसमान पाहावे, लागवडीला मजूर मिळतात की नाही ते पाहावे, करप्यावर औषध मारावे, येथपर्यंत सारे परंपरेला धरून झाले. परंतु काढणीच्या सुमारास त्याने शेतातला नांगर सोडून न्हावा शेव्याच्या समुद्रातल्या नांगराकडे डोळे लावून बसावे, ही कृषिशास्त्रात पडलेली नवीन आणि अत्यंत मौलिक भर होय. निर्यातवाढीच्या कार्यशाळांतून, कांदा एकसारख्या आकाराचा निवडावा, गोणी जाळीदार असावी, परदेशी गिऱ्हाइकाचा विश्वास प्राणापलीकडे जपावा, असा उपदेश केला जातो, त्यास आमची हरकत नाही. मात्र त्यातच भरती-ओहोटीची वेळापत्रके, जहाजांच्या आगमनाच्या नोंदी आणि बंदरातल्या कारकुनाची जेवणाची वेळ, हेही विषय यापुढे समाविष्ट व्हावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. कारण दोन शेजाऱ्यांनी एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे पिकवलेला, एकाच दिवशी गोणीत भरलेला कांदा घ्या: एकाचा माल कागदपत्रांसह वेळेत पोहोचला आणि त्याचे जहाज नांगरले, तर तो राष्ट्राला परकीय चलन मिळवून देणारा सुपुत्र ठरतो, दुसऱ्याचा ट्रक कसाऱ्याच्या घाटात पंक्चर झाला, तर तोच कांदा देशातील महागाईचा उगम ठरून परत फिरवला जातो. सद्गुण आणि दुर्गुण यांच्यामधली सीमारेषा ट्रकच्या टायरातून जाते, हे कोणत्याही धर्मशास्त्रात नव्हते. ते राजपत्रात सापडले.

आणि याच सरकारने 2018 साली कृषी निर्यात धोरण जाहीर करताना निर्यात 2022 पर्यंत दुप्पट करून 60 अब्ज डॉलरांच्या पलीकडे नेण्याचा संकल्प सोडला होता, व्यापाराचे धोरण स्थिर राहील अशी ग्वाहीही दिली होती! ती स्थिरता अशी, की ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात-जकात, ऑक्टोबरअखेर टनामागे किमान 800 डॉलर निर्यातभावाची अट, डिसेंबरात बंदी. बंदीची मुदत 31 मार्चपर्यंत, तर मार्च सरण्याआधीच ती पुढील आदेशापर्यंत लांबलेली. आणि 4 मे 2024 रोजी बंदी उठली, ती 550 डॉलरांची अट व 40 टक्के जकात सोबत घेऊन. जकात पुरती जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने राहत नाही, हे लासलगावच्या बाजारातल्या हमालालाही ठाऊक असते. म्हणजे बंदी घालायची ती नेमकी साठवता न येणाऱ्या मालावर, आणि नंतर शेतकऱ्याने साठवणुकीची शास्त्रीय पद्धत शिकावी म्हणून पुस्तिका काढायची! परदेशचा व्यापारी तर आमच्या फर्मानांची पारायणे करत बसत नाही. तो पाकिस्तानचा, चीनचा कांदा उचलतो आणि पुढच्या वर्षी आमच्या माणसाचा फोन घेत नाही.

शहरात कांदा स्वस्त हवा, ही इच्छा गैर नाही. पण सरकारला ती पुरवायची असेल, तर बाजारभावाने कांदा विकत घ्यावा, तोट्याने विकावा आणि तो तोटा आपल्या खजिन्यातून भरावा. तसे न करता शेतकऱ्याच्या खिशात हात घालून शहराला दानधर्म करणे, आणि वर त्यालाच निर्यातीच्या प्रोत्साहनाचे पत्रक वाटणे, याला धोरण म्हणत नाहीत. याला उघडी लूट म्हणतात. पुढच्या कार्यशाळेचे निमंत्रण आम्हाला अवश्य धाडावे. जेवणात कच्चा कांदा मात्र ठेवावा, आणि तो शेतकऱ्याकडून काय भावाने घेतला, तो आकडा ताटाशेजारी लिहून ठेवावा. प्रमुख पाहुण्यांच्या ताटाशेजारी तो अंमळ मोठ्या अक्षरांत असावा.