सुट्या पैशांचं बिट

नागपुरात होळीनंतर माणसाची पत त्याच्या कूलरवरून ठरते. हिवाळाभर गॅलरीत प्लास्टिक पांघरून निजलेलं ते पत्र्याचं धूड मार्चअखेर जागं करावं लागतं. गवत बदला, टाकी घासा, पंपाला हात जोडा, इथवर सगळं घरच्या घरी निभतं. खरी कसोटी लागते ती स्टँडच्या स्क्रूंशी. बोअरिंगचं खारं पाणी पिऊन ते असे गंजलेले असतात की पेचकस लावावा तर डोकं सोलून निघतं आणि बूड जागचं हलत नाही.

या स्क्रूंच्या बंदोबस्तासाठी हल्ली आमच्या कॉलनीत इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं हत्यार शिरलं आहे. पूर्वी ते फक्त फर्निचरवाल्या मिस्त्र्यांच्या हातात दिसायचं. आता बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे आहे, ट्यूशनवाल्या मॅडमकडे आहे, घरून काम करणाऱ्या आयटीतल्या पोराकडे तर दोन आहेत. रविवारी सकाळी तर्री-पोहे आटोपले की चहूकडून टर्रर्र सुरू होतं. कामं तेवढी नसतात. बॅटरी चार्ज झालेली असते.

या यंत्राच्या खोक्यावर एक मोठा आकडा असतो, आणि मोठा आकडा हा नागपूरकराचा हळवा कोपरा आहे. मे 2024 मध्ये रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं होतं. पुढे सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला, तेव्हा आमच्या गल्लीत सुटकेचा निःश्वास कोणी टाकला नाही. हाताशी आलेला विक्रम सरकारनं काढून घेतला, अशीच सगळ्यांची भावना होती. त्यामुळे खोक्यावर 180 न्यूटन मीटर वाचलं की खरेदी पक्की. 180 न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण 18 किलो वजन लटकवल्यावर जो पीळ बसेल तेवढा पीळ. हा सगळा पीळ स्क्रूपर्यंत पोचतो तो यंत्राच्या तोंडात बसणाऱ्या बिटाच्या तुरीच्या दाण्याएवढ्या टोकातून. पण टोकाचा विचार दुकानात कोण करतो?

इतवारीतल्या लोहाओळीत उभं राहून पाहा. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "भाऊ, इम्पॅक्ट दाखवा."

दुकानदार विचारतो, "भोकं पाडाले पायजे का स्क्रू कसाले?"

"इम्पॅक्ट पायजे न बाप्पा! दोन्हीले."

इथे दुकानदाराचा चेहरा रिकामा होतो, कारण त्याला दिवसातून कितीतरी वेळा हे समजवावं लागतं. भिंतीला भोक पाडणारं हॅमर ड्रिल पुढच्या दिशेने ठोके देतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर ठोके देतो ते फिरण्याच्या दिशेने. त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते, एक फिरता घण असतो आणि त्याच्यापुढे ऐरण असते. स्क्रू सुखासुखी जातोय तोवर घण-ऐरण जोडीने फिरतात. स्क्रू अडला की घण मागे सरतो, उसळी घेऊन पुढे येतो आणि ऐरणीला बाजूने फटका हाणतो. असे फटके मिनिटाला तीन-साडेतीन हजार. आपल्या मनगटाला त्यातलं फारसं काही जाणवत नाही, म्हणूनच हातात धरणारा माणूस स्वतःला पैलवान समजू लागतो. सगळा मार पडतो तो बिटावर.

आमचे साडूभाऊ असेच पैलवान. मनीषनगरात राहतात, कोणतीही वस्तू अभ्यास केल्याशिवाय घेत नाहीत. या यंत्रासाठी त्यांनी दोन-तीन महिने व्हिडिओ पाहिले, ब्रशलेस मोटर म्हणजे काय ते जेवताना सगळ्यांना समजावलं, एकदा तर बारशात. शेवटी खरेदी झाली. दहा हजारांच्या वरचं बिल. दुकानदाराने विचारलं, "बिट कोणतं देऊ?" साडूभाऊंनी हातातल्या सुट्या पैशांकडे पाहिलं आणि म्हणाले, "यात बसेल ते द्या."

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर आहे. आपण यंत्र घेतो चार लोकांनी पाहावं म्हणून, आणि बिट घेतो सुटे पैसे परत घ्यायचा कंटाळा म्हणून.

सुट्या पैशांतलं ते बिट छान चकचकीत होतं. कूलरच्या स्टँडच्या दुसऱ्याच स्क्रूला 'टण्ण' आवाज झाला. टोक स्क्रूच्या खाचेत राहिलं, एक कपची उडून पत्र्याच्या टाकीवर आदळली, आणि साडूभाऊ यंत्राकडे पाहत अभिमानाने म्हणाले, "पाहिलं? काय ताकद आहे!" चष्मा लावायला सांगितलं तर म्हणाले, "मला जवळचं स्पष्ट दिसतं." कपचीला नंबर विचारायची सवय नसते, हे त्यांना कोण सांगणार?

बिट मोडण्यामागचं कारण मात्र मजेशीर आहे. ते मऊ होतं म्हणून मोडलं नाही, नको तितकं कडक होतं म्हणून मोडलं. पोलाद जितकं कडक करावं तितकं ते झिजायला चिवट होतं, पण अचानक पीळ बसला की वाकत नाही, थेट तुटतं. हाताच्या पेचकसाला किंवा साध्या ड्रिलला ते चालून जातं, कारण तिथे जोर हळूहळू वाढतो, आणि ड्रिलचा क्लच वेळेवर कटकट करून थांबतो. इम्पॅक्टला थांबणं माहीत नाही. म्हणून त्याच्यासाठीची बिटं बहुधा एस 2 नावाच्या, मार सोसणाऱ्या पोलादाची करतात, त्यांचा कडकपणा बेतानं ठेवतात आणि चांगल्या बिटांना मधोमध कंबर बारीक काढलेली असते. प्रत्येक फटक्याला ती कंबर किंचित पिळली जाते आणि परत सरळ होते. टोकाऐवजी मार ती खाते. म्हणूनच 25 मिलिमीटरच्या बुटक्या बिटापेक्षा 50 मिलिमीटरचं लांब बिट अशा यंत्रात जास्त टिकतं. बुटक्याला बहुधा कंबरच नसते, तर लचकणार काय? लांब बिटाच्या षटकोनी दांड्याला गोल खाच असते, तिच्यात यंत्राच्या तोंडातली गोळी अडकून बिट थेट पक्कं बसतं. बुटक्याला मध्ये होल्डर लागतो, आणि होल्डर हमखास घरातल्या सगळ्यांत लहान मुलाकडे असतो.

दुसरा घोळ टोकाच्या आकाराचा. चार पाकळ्यांचं काहीही दिसलं की आपण त्याला 'स्टार' म्हणतो आणि मोकळे होतो. यातला नेहमीचा स्टार म्हणजे फिलिप्स. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सला 1936 साली त्याची पेटंटं मिळाली आणि कॅडिलॅक मोटारी जोडताना ते स्क्रू गाजले. या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला आणि मागून दाब कमी पडला की बिट आपोआप वर चढून बाहेर निसटतं आणि निसटताना खाच खरवडून नेतं. साडूभाऊंच्या स्टँडवरच्या उरलेल्या स्क्रूंची डोकी अशीच वाटीसारखी गुळगुळीत झाली होती. आता मजा अशी की मॉड्युलर किचनच्या परदेशी धाटणीच्या बिजागऱ्यांबरोबर येणारे स्क्रू पुष्कळदा फिलिप्स नसून पोझिड्राइव्ह असतात. डोकं उजेडात धरून पाहा. चार पाकळ्यांच्या मधोमध आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझि. त्याला फिलिप्सच्या पीएच 2 ऐवजी पीझेड 2 लागतं. चुकीचं लावलं तरी ते आत जातं, फिरतं, थोडं डुगडुगतं आणि ऐन शेवटच्या आट्याला दगा देतं. बाहेरच्या जगानं यावर उपाय कधीच काढलेत. कॅनडात रॉबर्टसनने 1908 च्या सुमारास चौकोनी खाच आणली, 1967 मध्ये सहा पाकळ्यांची टॉर्क्स आली. दोन्ही बिटाला घट्ट धरून ठेवतात. आमच्याकडे मात्र हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक राज्य पीएच 2 चंच आहे, तेव्हा तेच नीट निवडणं आलं.

आमच्या मिस्त्रीभाऊंना हे सगळं सांगून पाहिलं. त्यांच्याकडे याहून जुनं आणि स्वदेशी इम्पॅक्ट यंत्र आहे. त्याला हातोडी म्हणतात. स्क्रू लाकडावर टेकवायचा, हातोडीने तीन चतुर्थांश आत ठोकायचा आणि मालक पाहत असेल तर पेचकसाने शेवटचे दोन आटे फिरवायचे. "साहेब, आटे दोन फिरवले का दहा, आत कोण पाहून रायलं?" लाकडाचे तंतू फाटतात, स्क्रूची पकड जाते, हे मी म्हणालो. त्यांनी शांतपणे पुढचा स्क्रू ठोकला.

पण याच मिस्त्रीभाऊंचं कसब पाहावं ते सागवानावर. आमचं सागवान म्हणजे काय चीज आहे ते सांगायला नको. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी ते नागपूरहून गेलं, आणि मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून रवाना झालं. महालातल्या एका नातेवाइकांच्या वाड्यात सागवानी दाराला पितळी बिजागऱ्या बसवायच्या होत्या. मिस्त्रीभाऊंनी हातोडी बाजूला ठेवली. आधी बारीक ड्रिलने वाट काढली. मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबणाच्या वडीवर घासून, यंत्राने आत घालून परत बाहेर काढला. आटे पडले. मगच पितळी स्क्रू घेतला आणि तो यंत्राने नव्हे, हाताने कसला. पितळ मऊ, इम्पॅक्ट लावला तर मान मोडून आत राहतो आणि मग काढायचा कोणी? आणि हे करताना त्यांच्या हातात होतं ते बिट काळं, मळकट, कंबर बारीक असलेलं होतं. ते काम संपल्यावर खिशात गेलं. यंत्र तसंच ओट्यावर पडून होतं.

तेव्हापासून लोहाओळीत जाताना मी खिशात घरचे दोन-चार स्क्रू घेऊन जातो. बिटाच्या टोकावर स्क्रू बसवायचा आणि आडवा धरायचा. चुंबक नसतानाही तो तोल सांभाळून राहिला, डुगडुगला नाही, तर माप बरोबर. पत्र्याच्या शेडचे षटकोनी डोक्याचे स्क्रू असतील तर बिट नकोच, 8 मिलिमीटरचं सॉकेट घ्यावं. स्विचबोर्डच्या प्लेटजवळ तर हे यंत्र नेऊच नये, तिथे हातातला पेचकस बरा. टोकाच्या कडा गोल दिसू लागल्या की बिट टाकून द्यावं, त्याची माया धरू नये. दुकानदार आता मला पाहिलं की म्हणतो, "आले तपासणी अधिकारी." घरी तक्रार वेगळी आहे. वॉशिंग मशीनच्या ड्रममधून स्क्रूंचा खडखडाट येतो आणि कोणाचा खिसा तपासायचा राहिला, याची चौकशी होत नाही, थेट शिक्षाच होते.

माझ्याकडे चांगली बिटं आहेत, ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. यंत्र सगळ्यांकडेच आहे, त्यामुळे ते मागायला कोणी येत नाही. येतात ते "एकच बिट द्या, आत्ता आणून देतो" म्हणत. ते 'आत्ता' अजून उजाडायचं आहे. शेवटी मी नियम केला: बिट हवं तर काहीतरी तारण ठेवा.

गेल्या रविवारी बँकेतले काका आले. कर्जखात्यात जन्म गेलेला माणूस, नियम त्यांना एकदम पटला. "बराबर हाय. तारणाशिवाय देऊच नये कोणाले," म्हणाले, आणि हातातली जड पिशवी माझ्यापुढे ठेवली. बिट घेतलं, उजेडात धरून पाहिलं, खिशात टाकलं आणि निघाले. फाटकापर्यंत पोचले, तिथून वळून पाहिलं.

"अरे भाऊ, पण मशीन तर त्या पिशवीत हाय न! हे आता फिरवू कायनं?"