गराजराव

या माणसाकडून पाना उसना आणायचा नाही. तुमच्या ओळखीतही असा एक असेलच. त्याच्याकडूनही आणू नका. सरळ दुकानात जा, वीस डॉलर टाका, नवा घ्या. कारण उसना पाना घरी येऊन टेकतो न टेकतो तोच फोन वाजतो. फोटो असतो. पांढऱ्या फळीवर काळ्या रंगात काढलेली पान्याची आकृती, आत काही नाही. खाली एक ओळ: ‘याची सावली वाट बघतेय.’

रात्री तोच फोटो पुन्हा येतो, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला. सकाळी आणखी एक, कोवळ्या उन्हातला. सकाळच्या फोटोत ती आकृती रात्रभर झोपली नसावी असं आपल्यालाही वाटू लागतं, आणि नळ तसाच गळता ठेवून आपण पाना परत करायला निघतो.

या गृहस्थांना आई-वडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे. पण न्यू जर्सीत, प्लेन्सबरोच्या आसपासच्या मराठी मंडळींत ते समोर ‘अरे’ आणि माघारी ‘गराजराव’. घर घेतल्यापासूनची ही पदवी. गृहप्रवेशाला त्यांनी आम्हाला घर दाखवलं ते असं: “हे किचन, वर बेडरूम, चला,” आणि थेट गराजमध्ये. घराला चिकटून, दोन गाड्यांचं, वीस बाय बावीस फुटांचं. गराजरावांचं बालपण मिरजेत दोन खोल्यांत गेलं. त्या दोन्ही खोल्या मधल्या बोळासकट इथे बसल्या असत्या आणि वर सायकलीला जागा उरली असती.

“हे दार बघ,” ते म्हणाले. “घर आणि गराज यांच्यामधलं. इकडे आग लागली तर वीस मिनिटं थोपवून धरतं. भिंतीला या बाजूनं अर्धा इंची जिप्समचा बोर्ड. नियमच आहे.” मग बिजागरीतली स्प्रिंग, दार आपोआप का मिटलं पाहिजे, गाडीचा धूर घरात का येता कामा नये. वीस मिनिटं आग थोपवणारं ते दार त्यांनी वीस मिनिटं उघडं धरून समजावलं. आमच्या वाटीतलं श्रीखंड तोवर पातळ झालं होतं.

पहिलं काम जमिनीचं. बिल्डरनं नुसतं काँक्रीट दिलं होतं, त्यावर इपॉक्सी चढवायचं ठरलं. नवं काँक्रीट किमान 28 दिवस मुरावं लागतं, म्हणून स्लॅब कुठल्या तारखेला ओतला ते बिल्डरला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं त्यावर विश्वास बसला नाही, म्हणून प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी टेप लावून जमिनीवर चिकटवला आणि दिवसभर थांबले. खाली दव धरलं तर काँक्रीटमध्ये ओल आहे. ओल नव्हती. मग भाड्याचं ग्राइंडर आणून पृष्ठभाग खरवडला, म्हणजे रंगाला पकड मिळते. मग थर, त्यावर करड्या-पांढऱ्या कपच्यांचा सडा, त्यावर पारदर्शक लेप. एवढं झाल्यावर आठवडाभर गाडी आत आणायची नाही, कारण गरम टायरखाली कोवळा थर उपटून येतो.

तो आठवडा केव्हाच संपला. टायर अजून लागलेलं नाही.

मग भिंती. अमेरिकेतलं घर आतून लाकडी सांगाड्याचं. दर सोळा इंचांवर एक उभा खांब, वरून जिप्समची पाटी. वजनदार काही टांगायचं तर खिळा खांबातच गेला पाहिजे. खांब शोधायचं यंत्र त्यांच्याकडे आहे, पण यंत्रानं सांगितल्यावरही ते बोटाच्या पेरानं ठोकून ऐकतात, आणि आपल्यालाही ऐकायला लावतात. “कळला फरक?” कळला म्हणायचं. नाही म्हटलं तर पुढचा खांब सोळा इंचांवरच असतो.

खांब सापडले, भोकांच्या फळ्या चढल्या आणि मग सावल्यांचं युग सुरू झालं. गराजरावांची पहिली नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यातली. तिथे त्यांना जपानी ‘फाइव्ह-एस’ शिकवलं गेलं: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, नियम करा, नियम पाळा. पुढे ते संगणकाकडे वळले. आता एका बँकेसाठी प्रोग्रॅम लिहितात, हातात स्क्रू ड्रायव्हर धरायची वेळ येत नाही. पण पाची एस तसेच राहून गेले होते, ते या गराजमध्ये उफाळून आले. प्रत्येक हत्यार फळीवर आडवं धरायचं, पेन्सिलीनं कड गिरवायची, आतला भाग काळा करायचा. हातोडी, करवत, कानस, गुण्या, ओळंबा. हत्यार जागेवर नसलं की सावली उघडी पडते आणि चोर पकडला जातो. चोर म्हणजे आम्ही.

इथवर कारखान्यातही करतात. गराजरावांनी पुढचं पाऊल टाकलं: न घेतलेल्या हत्यारांच्याही सावल्या काढल्या. पाइप रेंचची आकृती जाहिरातीवरून बेतली. ती रिकामी बघवेना, म्हणून पाइप रेंच आणला. तो सावलीपेक्षा मोठा निघाला. आपण सावली पुसली असती. त्यांनी पाना बदलून आणला.

या सगळ्यात गाडी कुठे? बाहेर. जानेवारीत प्लेन्सबरोला बर्फ पडतो, तेव्हा गराजराव काचेवरचा बर्फ खरवडत ड्राइव्हवेवर उभे असतात आणि त्यांच्यामागे, बंद दाराआड, चारशे चाळीस चौरस फूट कोरडी, चकचकीत जमीन निवांत पडलेली असते. मी एकदा छेडलं, तर त्यांनी पुरावाच काढला. लॉस एंजेलिसमधल्या 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला होता, 2012 साली त्याचं पुस्तक निघालं. चारांतल्या तीन गराजांत गाडी नव्हतीच. “पण त्यांच्याकडे अडगळ होती म्हणून,” मी म्हटलं. “तुझ्याकडे तर जागा मोकळी आहे.”

“गाडीची सावली कशी काढणार?” ते म्हणाले. “आज आहे, उद्या नाही. जे कधीही निघून जाईल त्याला कायमची जागा आखत नाहीत.”

दुसरा त्यांचा आवडता दाखला पालो आल्टोचा. 1939 साली ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी ॲडिसन अव्हेन्यूवरच्या एका गराजात कंपनी काढली. ॲपल, गूगल, सगळ्यांच्या कुंडलीत गराज आहेच. खरं आहे. पण त्या गराजांत पसारा होता. काही नवं सुचायचं तर एखादी वस्तू भलत्या जागी पडलेली असावी लागते. गराजरावांकडे वस्तू भलत्या जागी पडली तर तिचा फोटो निघतो.

सावल्यांची साथ स्वयंपाकघरात शिरली तेव्हा वहिनी सावध झाल्या. झारा, पळी, उलथनं यांच्या सावल्या ओट्यावरच्या भिंतीवर उमटल्या, तोवर त्या गप्प होत्या. लाटण्याची सावली निघाली त्या दिवशी त्यांनी तिथे चिमटा अडकवला. गराजराव जेवताना दोनदा उठले आणि दोनदा बसवले गेले. पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर दिवाणखान्यात सोफ्यावर खडूनं काढलेली माणसाची आकृती, एक हात लोंबता, पाय दुमडलेले. क्षणभर आमच्या पोटात गोळाच आला. वहिनींनी चहा देता देता खुलासा केला: “ह्यांची जागा. रोज संध्याकाळी सात ते दहा. हल्ली गराजमध्येच असतात ना, सावली वाट बघते.”

गराजरावांनी त्या आकृतीकडे बराच वेळ बघितलं आणि डावा खांदा चुकलाय म्हणाले.

मग गराजरावांचे वडील, आप्पा आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. पहिल्या दिवशी मुलानं मोठ्या हौसेनं फळी दाखवली. आप्पांनी चष्मा वर केला, एक एक आकृती न्याहाळली. “पाना हरवला की कळावं म्हणून चित्र?” ते म्हणाले. “अरे, पाना हरवला की पाना हरवलेला कळतोच की.” चाळीस वर्षं त्यांनी एका लाकडी पेटीत सगळी हत्यारं एकत्र ठेवली आणि न बघता हात घालून बारा नंबरचा पाना बाहेर काढला.

आप्पांचं दुखणं वेगळंच होतं. इथल्या घराचा रस्त्याकडचा अर्धा चेहरा म्हणजे गराजचं दार. बसायच्या खोल्या मागच्या अंगाला, खिडकीतून दिसतं ते आपलंच गवत. माणूस कुठून दिसणार? चार दिवस ते येरझारा घालत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी घडीची खुर्ची उचलली, बटण दाबून गराजचं दार वर केलं आणि तोंडाशी बसले. मिरजेच्या घराला होता तसा ओटा त्यांना सापडला. शाळेची पिवळी बस, टपालवाली बाई, कुत्री फिरवणारे. महिन्याभरात त्यांना गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं पाठ झाली; आम्हाला इतक्या वर्षांत मालकांची झाली नव्हती. समोरची म्हातारी त्यांना परसातले टोमॅटो आणून द्यायची. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, त्यामुळे गप्पा लांबायच्या.

खुर्चीपाशी आप्पांची दुरुस्तीही चालायची. कुणाच्या पोराच्या सायकलीची चेन, कुणाचं गवत कापायचं यंत्र. काम झालं की हत्यार तिथेच जमिनीवर, त्या पवित्र इपॉक्सीवर. आम्ही श्वास रोखून होतो. गराजराव अवाक्षर बोलले नाहीत. आप्पा झोपले की ते खाली येऊन एकेक हत्यार जागेवर लावायचे, आणि सकाळी आप्पा पुन्हा सगळं काढायचे. ऑक्टोबरात थंडी सुरू झाली तसे आप्पा परत गेले. जमिनीवर खुर्चीच्या चार पायांभोवती चार पांढरी वर्तुळं आखलेली मला नंतर दिसली. वहिनींना तिथे मोठा फ्रीजर हवा आहे. प्लगही जवळ आहे. “तिथे नको,” एवढंच उत्तर मिळतं. मी एकदा तांदळाची गोण तिथे टेकवली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. फोटो पाठवला नाही.

या माणसाबद्दल चांगलं बोलायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल. गेल्या हिवाळ्यात भल्या सकाळी आमच्या गराजच्या दाराची स्प्रिंग मोठा बार उडवून तुटली. गाडी आत, मुलाची परीक्षा नऊला. मी शिडी आणि पाना घेऊन सरसावलो होतो. गराजराव जॅकेटखाली पायजमा अशा वेशात पोचले आणि आधी माझ्या हातातला पाना काढून घेतला. “दुसऱ्या बाजूची स्प्रिंग ताणलेली आहे. हात जाईल. हे काम आपलं नाही, दारवाल्याचं.” सगळं स्वतः करणाऱ्या माणसाला काय करायचं नाही हे इतकं पक्कं माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी लाल दोरी ओढून मोटर सोडवली, दोन शेजाऱ्यांना हाका मारल्या, आम्ही चौघांनी ते जडशीळ दार उचललं, आणि चाकाखाली रुळावर त्यांनी आपली लॉकिंग पक्कड घट्ट आवळून दार वरच अडकवलं. मुलगा वेळेत पोचला. दारवाला यायला दोन दिवस लागले. दोन दिवस पक्कड आमच्या रुळावर, आणि त्यांचा फोटो नाही. रात्रीचा नाही, सकाळचा नाही. मला वाटलं, मैत्रीखातर सूट मिळाली.

वहिनींकडून कळलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात गराजरावांची नोकरी गेली होती. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की हाती साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक सापडला नाही तर गाशा गुंडाळायचा. घर, शाळा, हप्ते, सगळ्याला तोच हिशेब लागू.

मी पक्कड घेऊन गेलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसून जमिनीवर टेप लावत होते. सामान आवरायला घेतलं की काय, असं वाटून मी दारातच थांबलो.

“स्नो ब्लोअरची जागा,” ते मान वर न करता म्हणाले. “पुढच्या हिवाळ्याला घेऊ म्हणतो.”

पुढच्या हिवाळ्यात तू इथे असशील का, हे माझ्या अगदी ओठांवर होतं. मी विचारलं, “किती इंची?”

“चोवीस.” त्यांनी टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

नोकरी मिळाली, साठ दिवस भरायच्या आत, जर्सी सिटीला. जाण्यायेण्यात तीन तास जातात. सोफ्यावरची सावली आता रविवारीच भरते.

त्यांच्या ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज फार पूर्वी मंजूर झाला आहे. पण नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या कार्डांत एका देशात जन्मलेल्यांचा वाटा वर्षाला साधारण सात टक्के, आणि रांगेतले भारतीय लाखांच्या घरात. नंबर लागेपर्यंत व्हिसाला तीन-तीन वर्षांची मुदतवाढ. म्हणजे सरकारदरबारी गराजरावांची सावली फार सुबक आखलेली आहे. फोटो आहे, दहा बोटांचे ठसे आहेत, रांगेतली तारीख आहे, शिक्का आहे. वस्तू खुंटीला लावायची तेवढी राहिली आहे. इमिग्रेशन खात्यात गराजरावांसारखा एक माणूस असता तर अशी रिकामी आकृती त्याला एक रात्र बघवली नसती. पण त्या खात्यात नोकरी करायची तर आधी अमेरिकेचं नागरिक असावं लागतं.