सहा मंत्र्यांना दूधविनायकाहून अनावृत पत्र

॥ श्री काशीविश्वेश्वर प्रसन्न ॥

दूधविनायक, वाराणसी

प्रति,
महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत ठरलेल्या समितीचे सहा मंत्री (तीन इकडचे, तीन तिकडचे), तसेच त्यांच्याआधी होऊन गेलेले सर्व आयोग, समित्या, शिष्टमंडळे आणि समन्वयक यांसी,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले अभिनंदन करायचे राहून गेले होते. मध्यंतरी ब्रिटन नावाच्या देशाने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा एवढा गाजावाजा केला की रखडलेल्या वाटाघाटींचा विक्रम लंडनच्या नावावर लागतो की काय, अशी आम्हा काशीकरांना धास्ती पडली. नंतर हिशेब मांडला आणि जीव भांड्यात पडला. २३ जून २०१६ ला मतदान, ३१ जानेवारी २०२० ला बाहेर. पुरती चार वर्षेसुद्धा नाहीत! तेवढ्यात त्यांचे दोन पंतप्रधान घरी गेले, लोकांनी डबाबंद अन्नाचे साठे केले, औषधे मिळतील की नाही म्हणून म्हातारी माणसे रात्र-रात्र जागली. आपल्याकडे बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी १ नोव्हेंबर १९५६ पासून दाराशी उभी आहेत आणि मंत्रालयात कुणाचा चहादेखील गार झालेला नाही. याला म्हणतात कारभार.

दूधविनायकाच्या माणसाला बेळगावची उठाठेव कशाला, असे आपण विचाराल. रास्त आहे. आमचा संबंध असा की राज्य सोडून बाहेर पडण्याचा आमचा अनुभव आपल्या सर्वांपेक्षा जुना आहे. गागाभट्टांचे घराणे पैठणचे, पण १६७४ साली राज्याभिषेकाला त्यांना काशीहून यावे लागले, यावरून आमच्या मंडळींनी गाव कधी सोडले याचा अंदाज यावा. पुढे पेशवाईत नारायण दीक्षित पाटणकर आले, घाट बांधले गेले, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, दूधविनायक या पट्ट्यात मराठी घरे दाटीवाटीने उभी राहिली. निघताना आमच्यापैकी कुणी शिष्टमंडळ नेले नाही, आयोग मागितला नाही. बोचके बांधले, कुलदेवतेला नारळ फोडला आणि निघाले. आज आम्ही उत्तर प्रदेशाचे मतदार आहोत, घरात मराठी बोलतो, गल्लीत बनारसी बोलतो आणि आमच्यावर कुणी ठराव करत नाही. हे आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, याची कल्पना आहे.

रखडलेली बोलणी मात्र आमच्याही पाचवीला पुजलेली. अयोध्येच्या नबाबाकडून काशी-प्रयाग सोडवून घ्यावे, असे नानासाहेब पेशव्यांच्या फार मनात होते. दत्ताजी शिंद्यांना तशी पत्रे गेली. मग दत्ताजी गेले, पानिपत आले, नानासाहेबही गेले आणि बोलणी जिथल्या तिथे राहिली. १७७५ साली काशी नबाबाकडून थेट ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. एका तहात, एका सहीत. ज्यांनी आमची अख्खी काशी अशी उचलली, त्यांच्याच वारसांना आपले स्वतःचे बेट एका संघातून काढून घ्यायला साडेतीन वर्षे घाम गाळावा लागला, हे वाचून पंचगंगेच्या पायऱ्यांवर काहींना थोडे समाधान झाले. मी त्यांत होतो, हे नाकारत नाही.

तरी त्या बिचाऱ्यांनी प्रयत्न प्रामाणिक केले, हे मान्य करावे लागेल. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. त्यांनी तो मार्चमध्ये पुन्हा आणला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा आणला, तिसऱ्यांदा पडला. मधल्या काळात खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडून मतदान घेतले आणि आठही फेटाळले. समुद्रमार्गे माल आणण्यासाठी १ कोटी ३८ लाख पौंडांचे कंत्राट दिले, तर ज्या कंपनीला दिले तिच्याकडे एकही जहाज नव्हते. ३१ ऑक्टोबर २०१९ ही तारीख घालून पन्नास पेन्सची नाणी पाडायला घेतली. ती तारीखही हुकली आणि लाखो नाणी वितळवावी लागली. पाहा, किती कच्चे लोक. आपण ६९-७० वर्षांत एक नाणे वितळवले नाही, कारण कुठल्याही नाण्यावर घालावी अशी तारीखच आपण कधी ठरवली नाही.

इथे आपल्या कौशल्याला मी मनापासून दाद देतो. ब्रिटनची फजिती झाली ती तारखेमुळे. युरोपीय संघाच्या करारातले पन्नासावे कलम एकदा वापरले की दोन वर्षांचे घड्याळ सुरू होते. ती मुदत वाढवायची तर सत्तावीस देशांपुढे हात जोडावे लागतात. म्हणून तिथे आरडाओरड झाली, पंतप्रधान बदलले आणि अखेर गाडे हलले. आपण घड्याळच भिंतीवर लावू दिले नाही. मुदत नाही म्हणून उशीर नाही, उशीर नाही म्हणून जाब नाही.

आपला जुना दप्तरखाना उघडून पाहिला की थक्क व्हायला होते. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, माणसे गेली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबरला काळा दिवस, हे पंचांगात बसले. १९६० साली चौघांची समिती नेमली, ती आपापसांत जुळली नाही. १९६६ साली पंच्याऐंशी वर्षांच्या सेनापती बापटांनी उपोषण केले, तेव्हा कुठे न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग आला. आयोग मागितला महाराष्ट्राने. १९६७ साली अहवाल आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूर (म्हणजे आजच्या कर्नाटक) राज्यात, शिवाय जत-अक्कलकोटकडचा काही भागही तिकडे. तो फेटाळलाही महाराष्ट्रानेच. कर्नाटक तेव्हापासून तोच अहवाल अखेरचा शब्द म्हणून कवटाळून बसले आहे, पण त्यातली निपाणी द्यायची गोष्ट निघाली की त्यालाही अहवाल जरा कमी दिसू लागतो. अंतुल्यांनी या अहवालाची चिरफाड करणारे पुस्तक लिहिले. खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि सलगता ही पाटसकरांची सूत्रे आंध्र-मद्रास सीमेला चालली, इथे मात्र चालत नाहीत. का, ते विचारण्याइतके उद्धट आम्ही नाही.

आणि त्याच १९६७ च्या जानेवारीत, बेळगावपासून चार तासांच्या वाटेवर काय घडले, ते आपण मुद्दाम विसरला असाल. १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे? विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने महाराष्ट्राचा पक्ष हरला. आमच्या बाजूच्या लोकांना वाईट वाटले, आजही काहींना वाटते. पण प्रश्न मिटला. विलीनीकरण मागणारे भाऊसाहेब बांदोडकर दोनच महिन्यांनी निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि गोव्याचा कारभार करू लागले. हरूनही माणसे जगतात, हे सिद्ध झाले. ताटकळत ठेवलेल्या माणसांच्या बाबतीत ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

आमच्या गल्लीत सांड आडवा बसतो. दोन्ही बाजूंनी माणसे तुंबतात, शववाहकसुद्धा खोळंबतात. पण वाट अडली आहे, एवढे तरी सगळ्यांना उघड दिसते आणि कुणी तरी कचोरी दाखवून त्याला उठवते. आपल्या समित्यांचे तसे नाही. आपण आडवे बसलेले असतानाही चर्चा ‘सकारात्मक वातावरणात’ सुरू असतात.

२००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वर्षी जन्मलेले मूल आता मतदान करते. दावा मात्र अजून बाल्यावस्थेत आहे. दरम्यान कर्नाटकाने २०१२ मध्ये बेळगावात विधिमंडळासाठी सुवर्ण विधानसौध उभे केले, २०१४ मध्ये शहराचे नाव बेळगावी केले. त्याच वर्षी येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक उखडला गेला. महाराष्ट्राने काय केले? २७ डिसेंबर २०२२ ला ८६५ गावे आपली असल्याचा ठराव एकमताने केला. २०२५ साली सीमाप्रश्नावरच्या उच्चाधिकार समितीची पुनर्रचना केली. पुनर्रचना हा शब्द १९५६ च्या कायद्यापासून आपल्याला फार मानवतो.

धाडसातही आपण प्रगती केली. १९८६ मध्ये छगन भुजबळ वेष बदलून बेळगावात गेले होते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दोन समन्वय मंत्र्यांनी आधी तारीख बदलली आणि नंतर जाणेच रद्द केले. वेषांतराचा खर्च वाचला.

जतकर मात्र आपल्यापेक्षा हुशार निघाले, आणि याबद्दल आपण सावध राहावे अशी माझी सूचना आहे. सांगली जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्याच्या पूर्व भागातील चाळीसएक गावांनी २०१२ मध्ये पाण्यासाठी वैतागून कर्नाटकात जायचे ठराव केले. दहा वर्षे ते कुणी वाचले नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ती गावे मागायची भाषा केली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली एकदम पळू लागल्या. मग अक्कलकोटची काही गावे बोलू लागली, नाशिकच्या सुरगाण्याला गुजरात आठवला, नांदेडच्या सीमेवर तेलंगणाचे गुण गायले जाऊ लागले. भाषेसाठी सत्तर वर्षे मोर्चे काढणाऱ्याला जे मिळाले नाही, ते नळासाठी ‘निघालो’ म्हणणाऱ्याला महिन्याभरात मिळाले. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातील चौदा गावांनी तर जाण्या-येण्याची दगदगच ठेवली नाही. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचे रेशनकार्ड, दोघांचे मतदान, दोघांच्या शाळा. ही तडजोड कुठल्याही समितीला सुचलेली नाही. सोपी होती म्हणून असेल.

इतके झाल्यावर थोडे गंभीर बोलण्याची परवानगी असावी.

बेळगाव-खानापूरकडचे यात्रेकरू इकडे येतात. धर्मशाळेच्या वहीत नाव लिहितात, गाव लिहितात, तालुका लिहितात. राज्याच्या रकान्यापाशी जुन्या पिढीचा माणूस क्षणभर थांबतो. तरुण माणूस थांबत नाही, कर्नाटक लिहून मोकळा होतो. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, यावरून तिकडचे लोक सुखी आहेत असा अर्थ बंगळूरात काढतात, आणि मराठी माणूस फितूर झाला असा अर्थ मुंबईत काढतात. लोक थकले आहेत हा तिसरा अर्थ दोन्हीकडे कुणाला सोयीचा नाही. उताऱ्यापासून सरकारी नोटिशीपर्यंत कागद कन्नडमध्ये, तो वाचून घ्यायला दुसरा माणूस शोधायचा. पोराला मराठी शाळेत घालायचे की कन्नड, हे ठरवताना घरात दोन रात्री वाद. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना ८६५ गावांना लागू केली, तर कर्नाटकाने ती अडवण्याची भाषा केली. म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रियेलाही आधी सीमाप्रश्न सोडवून या. पुण्यात कर्नाटकाच्या बसला काळे फासायचे, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडायचे, मग दोन्हीकडच्या बसगाड्या थांबायच्या आणि डोक्यावर बोचके घेतलेली बाई कागलपासून पुढची वाट शोधायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसमधल्या भाषेच्या भांडणावरून हेच झाले. भाजी मात्र बेळगावहून गोव्याला रोज जाते, कोल्हापूरचा माल रोज येतो. व्यापाराला वाटाघाटी लागत नाहीत. बसमधल्या बाईला लागतात.

बेळगाव महाराष्ट्रात यावे, असे मला वाटते. काशीत जन्मून मराठी राहिलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार? पण ते येणार नसेल, तर तसे सांगा. न्यायालयाने सांगावे किंवा आपण सहा जणांनी एकत्र बसून सांगावे. आणि जे सांगाल त्यात तिकडच्या मराठी माणसाला मराठीत कागद, मराठीत शाळा आणि दवाखान्यात अडवणूक नाही, एवढे लिहून द्या. हे तर निकालाची वाट न पाहताही देता येते. इकडच्या जत-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही तेच द्या. घटनेच्या ३५० व्या आणि ३५०-अ कलमांत यातले बरेचसे आधीच लिहिलेले आहे, त्यासाठी नवी समिती नेमू नये ही विनंती.

दाव्याची सुनावणी सलग व्हावी म्हणून दोन्ही राज्यांच्या वकिलांनी मिळून अर्ज करावा. एका बाजूने केला तर दुसरी मुदत मागते, हे वीस वर्षांत पुरते पटले आहे. अर्जात मुदतीचा दिवस, महिना आणि वर्ष घालावे. तो दिवस चुकला तर आपण सहाही जण खुर्च्या सोडाल, असे खाली लिहावे. ब्रिटनमध्ये असे न लिहिताही दोघे गेले.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक काशीकर

ता. क. : उत्तर मराठीत किंवा कन्नडमध्ये, कशातही पाठवावे, वाचून घेण्याची सोय इथे होईल. फक्त ‘आपले पत्र विचाराधीन आहे’ असे पाठवू नये.