धक्काभाऊ

ढाणकीत सकाळी कुणाची गाडी चालू झाली नाही, तर मेकॅनिकला फोन लागायच्या आत धक्काभाऊ दारात उभा असतो. त्याला बोलावणं गेलेलं नसतं. सेल मारल्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून त्याच्या कानी पडतो आणि तोंडातला खर्रा गालात सरकवून तो निघतो. त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, कधी नव्हतीही. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीसाठी त्याच्याकडे वेळ भरपूर असतो.

आल्या आल्या तो बॉनेट उघडायला लावतो. बॉनेट उघडलं की मयतीला जमावी तशी माणसं जमतात. रात्री तर चांगली होती ना? आधी काही त्रास होता का? शेवटचं कुठं नेलं होतं? मालक सगळ्यांना तीच हकीगत पहिल्यापासून सांगतो. धक्काभाऊ मात्र ऐकतो फक्त गाडीचं.

“मारा सेल.”

हा त्याचा कान मात्र खरा आहे, हे कबूल करायला हवं. इंजिन नेहमीच्या जोमानं फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. डिझेल, पेट्रोल किंवा ठिणगी बघा. नुसतं ‘टक्‌ टक्‌ टक्‌’ येतंय आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होतायत, तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनल ढिलं. एकच जाड ‘टक्‌’ येऊन पुढं शांतता, तर संशय सेलच्या मोटरवर. अशा वेळी तो त्या मोटरला पान्यानं दोन हलके टोले देतो आणि कधी कधी गाडी चालूही होते. आतले झिजलेले कार्बन ब्रश टोल्यानं जागेवर टेकतात, हे त्यामागचं कारण. धक्काभाऊच्या मते गाडीला मालकाचा धाक उरलेला नसतो.

त्याचं शिक्षण झालं ते काळीपिवळ्यांच्या जमान्यात. कमांडर जीपमध्ये आत-बाहेर-टपावर माणसं भरून उमरखेडला निघायचं आणि डिझेल संपून लाइनीत हवा धरली, की तीच माणसं उतरून गोल करून उभी. फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढायचं काम तेव्हा धक्काभाऊनं मिळवलं, तेही तिकीट न काढता. हँडल मारायच्या गाड्याही त्यानं पाहिल्यात. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटं झटकलं की अंगठा गेला, हे तो आजही पोरांना शिकवतो. 1912च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर लागला आणि जगातलं हँडल हळूहळू गेलं, हे कुणीतरी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं “तवाच बिघडलं सगळं” एवढंच म्हटलं.

बॅटरीबद्दल त्याची मतं ठाम आणि निम्मी बरोबर असतात. वैशाखातल्या विदर्भाच्या उन्हानं बॅटरी आतून पिचते, पण मरते ती थंडीतल्या एखाद्या सकाळी, म्हणून लोक उगाच थंडीला शिव्या देतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. मात्र बॅटरीत हापशाचं पाणी घालावं, असंही तोच सांगतो. जम्पर लावायची वेळ आली की तो शेजारचा ट्रॅक्टर मागवतो. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची, कारचीही तेवढीच. उसाचा ट्रकवाला उत्साहानं पुढं आला, तर धक्काभाऊ त्याला हात दाखवून थांबवतो. “तुही चोवीसची हाय बाप्पा, जाळतं का गाडी?” लाल वायर लालला, आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेट घेतो. हायड्रोजन हा शब्द तो वापरत नाही. “वाफ भडकते,” म्हणतो, आणि सगळे एक पाऊल मागं सरतात.

पण हे सगळं झालं सोपस्कारापुरतं. त्याचा जीव आहे धक्क्यात. चाबी ऑन, दुसरा गेअर, क्लच दाबलेला, मागं पोरं, आणि स्वतः बाजूनं धावत “सोड! सोड! सोड!” गाडी हिसका खाऊन धूर सोडते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते निवडून आलेल्या नगरसेवकाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.

म्हणून दिवाळीला पुण्याहून आलेल्या एका जावईबापूंची गाडी अडली, तेव्हा मोठा पेच झाला. क्लच नाही. गेअरही आपोआप पडणारे. गाडीमागं हात टेकून पोरं तयार, आणि जावईबापू खिडकीतून नम्रपणे म्हणाले, “भाऊ, ऑटोमॅटिक आहे, धक्क्यानं होत नाही हो.”

धक्काभाऊ बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. मग बॉनेटखाली वाकला. टर्मिनलवर पांढरंनिळं फूल साचलेलं. त्यानं गरम पाणी मागवलं, ओतलं, फडक्यानं पुसलं, पान्यानं नट आवळला आणि बटण दाबायला सांगितलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

टाळ्या वाजल्या. सासूबाईंनी चहा आणला. जावईबापूंनी हात जोडले. धक्काभाऊनं चहा घेतला, पण उभ्यानंच, आणि कप ठेवता ठेवता जमलेल्या पोरांकडे बघून म्हणाला,

“याले का चालू होनं म्हनतात?”