भरवशाचे लोखंड

इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या ‘सॅक्सन’ या हेवी मेटल बँडचा ‘हेल, फायर अँड डॅम्नेशन’ हा अल्बम जानेवारी २०२४ मध्ये आला. जाणकारांचा निर्वाळा एकच : भरवशाचा आहे. अशी दाद आपण जुन्या स्कूटरला देतो. नाव नरकाग्नीचं, आणि पाहुण्यांना दचकवण्याइतकंही काही नाही!

गायक बिफ बायफर्ड त्याच आठवड्यात ७३ वर्षांचे झाले. १९८०च्या सुमारास ही मंडळी मोटारसायकल, वाफेचं इंजिन, जंबो जेट अशा चालत्या-उडत्या कशावरही गाणी करत. आता इतिहासाचा पेपर सोडवतात. फ्रेंच राज्यक्रांतीतलं गिलोटिन आहे, १०६६ची हेस्टिंग्जची लढाई आहे, कुब्लाई खानाच्या दरबारात मार्को पोलो आहे, सेलमच्या चेटकिणी आहेत. उरलेल्या वेळात रॉसवेलची उडती तबकडी. शाळेत हा विषय कोणी अशा आवाजात शिकवला असता, तर सनावळ्या तरी तोंडपाठ झाल्या असत्या.

प्रस्तावनेला अभिनेते ब्रायन ब्लेस्ड यांचा गडगडाटी आवाज. आता ज्याचं कुजबुजणंही चार गल्ल्या ऐकू जाईल, त्याला माइक कशाला दिला? पण वाया गेलेला नाही. गिटारवर ‘डायमंड हेड’ बँडचे ब्रायन टॅटलर नव्याने दाखल झालेत, हेही गेल्या शतकातलेच. हेवी मेटलमध्ये ‘नवा माणूस’ म्हणतात तो हा.

विडंबन करायचं तर तेही अवघड. ‘धिस इज स्पायनल टॅप’ या रॉक बँडवरच्या विडंबनपटासाठी अभिनेता हॅरी शिअरर सॅक्सनबरोबर दौऱ्यावर राहून निरीक्षण करून गेला. चित्रपट १९८४ मध्ये आला, लोक पोट धरून हसले. सॅक्सनचे दौरे चालूच आहेत.