उत्तरदाता क्रमांक १४

हवामानबदलावर संशोधन करायचे तर चार गोष्टी लागतात: अनुदान, मार्गदर्शक, चिखलात चालणारे बूट आणि सर्वेशेठ. पहिल्या तिन्हींची सोय विद्यापीठात होते. चौथ्यासाठी भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस धरून मोरव्याला उतरावे लागते.

सर्वेशेठ हे नाव गावाने ठेवलेले. मूळचे ते हाडाचे आगरी; उमेदीची वर्षे मिठागरात गेली. कोंडीतले पाणी दोन बोटांत चोळून मीठ आज धरेल की परवा, हे सांगायचे. पुढे मिठागरांतले काम आटले आणि शेठ मोकळे झाले. नेमके त्याच सुमारास जगाला खाडीची काळजी वाटू लागली. हल्ली त्यांच्या पडवीत दोन खुर्च्या कायम मांडलेल्या असतात; एक त्यांची, एक विज्ञानाची.

पाहुण्याने पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत शेठ पहिला प्रश्न स्वतःच विचारतात, "शाखा कनची?" त्यावर पुढचे सगळे ठरते. समाजशास्त्र असेल तर दुःख काढायचे. प्राणिशास्त्र असेल तर चिंबोऱ्या, निवट्या आणि पूर्वी किती मिळायच्या ते. इंजिनिअर असेल तर बांधाची उंची आणि उघाडीची रुंदी. कॅमेरा असेल तर आत जाऊन टोपी घालून यायचे.

प्रश्नावलीला ते सरावलेले आहेत. 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंतच्या पाच घरांत ते सोंगटीसारखे फिरतात. महापालिकेचे नाव आले की 'तटस्थ', कारण पुतण्या तिथे कंत्राटावर आहे. "समुद्राची पातळी वाढते आहे, असं तुम्हाला वाटतं का?" असे एका मुलीने विचारले तेव्हा मात्र ते फॉर्मबाहेर गेले. "मना वाटून काय व्हतंय, बाय? पान्याला वाटला का तो येतो." मुलीने थोडा विचार करून 'सहमत'वर खूण केली.

खरी गंमत पुढे आहे. दर पाहुणा जाताना दोन-चार शब्द मागे टाकून जातो आणि शेठ ते उचलून ठेवतात. तिवरांच्या मुळांखालच्या गाळात कार्बन साठून राहतो, हे एकाने सांगितले. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटी मोजतात, हे दुसऱ्याने. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर चढली, हा आयपीसीसीच्या अहवालातला आकडा तिसऱ्याने. चौथा आला तेव्हा शेठनी त्याला हे तिन्ही ऐकवले आणि वर 'जैवविविधता' हा शब्द न अडखळता म्हटला. चौथ्याने हर्षभरित होऊन लिहून घेतले: 'स्थानिकांमध्ये हवामानबदलाविषयी लक्षणीय जाणीव आढळते.' आता हा निष्कर्ष वाचून पाचवा येतो, ती जाणीव मोजायला. विद्यापीठाचा आवाज मोरव्याच्या पडवीत आपटून विद्यापीठात परत जातो आणि त्याला लोकज्ञान म्हणतात.

शेठ काही संत नव्हेत. कांदळवन तोडणे म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आणि भोवतालचे ५० मीटर बांधकामापासून मोकळे ठेवायला सांगितले. शेठ हा निकाल तोंडपाठ म्हणतात, पण मागच्या अंगणात काढलेल्या नव्या खोलीकडे पाठ करून. कुणी टेप काढली की चहा येतो. चहाचा हिशेब काकूंकडे असतो. "यांच्या अभ्यासानं समिंदर किती चढला ठावं नाय, साखरंचा डबा मात्र रोज उतरतो," हे त्यांचे निरीक्षण अजून कोणत्याही प्रबंधात आलेले नाही.

राई-मुर्धा-मोरव्यात येऊ घातलेली मेट्रो ९ ची कारशेड गावकऱ्यांच्या विरोधाने डोंगरीकडे सरकली आणि तिथल्या झाडांचा प्रश्न पेटला, तेव्हा प्रश्नावल्याही शेठच्या दारावरून पुढे डोंगरीला जाऊ लागल्या. कारशेड गेल्याचा आनंद सगळ्या गावाला झाला; शेठचा चेहरा मात्र 'तटस्थ' होता.

एकदा एक प्रबंध छापून हाती आला. शेठ त्यात 'उत्तरदाता क्रमांक १४' होते. आधीच्या अभ्यासात ते ७ होते. "सातावरून चौदावर आनला," हे त्यांना लागले. त्याहून लागले ते दुसरेच. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ बाजूने गेले, सांताक्रूझला दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला. ऐन मे महिना म्हणजे मिठाचा हंगाम. उघड्यावरची रास अशा पावसात कशी बसते, कोंडीतले पाणी पुन्हा फिके कसे पडते, मग ऊन असूनही मीठ का धरत नाही, हे शेठनी तासभर सांगितले होते. हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. प्रबंधात त्याची एक ओळ झाली होती, 'इतर' या रकान्यात.

परवा एक प्राध्यापक बारा विद्यार्थी घेऊन आले. तिवरांची श्वासमुळे आणि खेकड्यांची बिळे मोजायची होती. मोबाइलवर ओहोटी दुपारी बाराची, कॉलेजची बस अकराची. सगळे जुळले होते. शेठनी विचारले, "आज तिथ कनची?" कुणालाच ठाऊक नव्हते. "अष्टमी. तिथीची पाऊनपट करा. आठाचं सहा. भरती सहाला म्हनून ओहोटी बाराला, बराबर. पन अष्टमी म्हंजे भांगाचा पानी, अर्धाच उतरनार. भर दुपारची ओहोटी कायम भांगाचीच. चिखल उघडा बघायचा तर अवसेला या, उधानाला, सकाळी सहाला."

"सहाला बस नाही मिळत," प्राध्यापक म्हणाले आणि मोजणीची चौकट घेऊन चिखलात उतरले. पोटरीपर्यंत पाणी, त्याखाली गुडघ्यापर्यंत गाळ. एक बूट तिथेच राहिला. तिवराची फांदी धरू गेले तेव्हा शेठ काठावरून ओरडले, "तोडू नका, हायकोर्ट हाय!" मग दोर टाकून त्यांना ओढून काढले.

पडवीत पाय धुऊन झाले. राहिलेली प्रश्नावली तरी पुरी करावी म्हणून एका मुलीने शेवटचा प्रश्न वाचला, "पारंपरिक ज्ञान संशोधनाला उपयोगी पडतं, असं तुम्हाला वाटतं का?"

शेठनी कागद तिच्या हातातून घेतला आणि एकाच बुटात बसलेल्या प्राध्यापकांपुढे धरला. "यो तुमीच भरा, सर. नंबर पंधरा."