नवशिक्यांसाठी फोम गन

अभिनंदन! वाघोली-उंड्रीकडे फ्लॅट, नळाला पाणी टँकरचं, आणि तरीही तुम्ही गाडी धुवायला फोम गन घेतलीत. इतक्या जिगरबाज माणसाला मार्गदर्शन कशाला लागतंय? तरी करतो, पुणेकर आहे.

1. मुहूर्त : रविवार, सकाळी दहा, गेटसमोर. पहाटे कोपऱ्यात धुतलेली गाडी नुसती स्वच्छ होते.

2. दाब ओळखा. व्हिडिओतला सायीसारखा फेस प्रेशर वॉशरला जोडलेल्या फोम कॅननचा असतो. तिथे दाब 100 बारच्या आसपास. तुमच्या पार्किंगमधल्या नळाला गच्चीवरच्या टाकीचा दाब, म्हणजे दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. दहा मजली इमारतीत कसेबसे 3 बार. इमारत तीनमजली असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. सडा घालतोय असं सांगा.

3. आता ॲडजस्टमेंट. बाटलीवरची चकती अधिककडे फिरवली की शाम्पू जास्त ओढला जातो, उणेकडे फिरवली की कमी. पुढचं नोझल फिरवून फवारा रुंद-अरुंद करायचा. विद्या इथे संपली. शेजाऱ्यांना मात्र कळता कामा नये. चकती किंचित फिरवा, डोळे बारीक करा, ‘रेशो चुकतोय’ असं पुटपुटा आणि चकती होती तिथेच आणून ठेवा.

4. तरी फेस पातळच? शाम्पू आणखी ओता. टँकरचं पाणीही बहुधा कुठल्या तरी बोअरचंच, म्हणजे जड असतं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी आधी भांडून घेतं. साबण उरलाच तर फेस. क्षारांनी आतली बारीक जाळीही बुजते. ती व्हिनेगरमध्ये भिजवा. व्हिनेगर घरातलंच घ्या, विचारू नका.

5. फेस गाडीवर काही मिनिटं राहू द्या, धूळ सुटते. सुकू मात्र देऊ नका, म्हणूनच जाणकार सावलीत धुतात. तुम्ही उन्हातच धुवा, फोटो चांगले येतात. फेस सुकला की पुन्हा पाणी मारा. ते पाणी सुकलं की पांढरे डाग पडतात. डाग काढायचा द्राव वेगळा मिळतो. घेऊन टाका.

6. ‘पिण्याचं पाणी गाड्यांवर घालू नका’ असं कोणी उन्हाळ्यात बजावलंच, तर ‘बोअरचं आहे’ म्हणा. बोअर केव्हाच आटलंय हे सेक्रेटरींना ठाऊक असतं, पण त्यांचीही गाडी असते. बंगळुरूच्या साडूला मात्र फोटो पाठवू नका. तिथे मार्च 2024 मध्ये याच उद्योगाला 5,000 रुपये दंड लावला होता; उगाच जखमेवर मीठ.

7. रोज पहाटे गाड्या पुसणारे मामा एका बादलीत चार गाड्या उरकतात. त्यांना जवळ बोलवा आणि तंत्रज्ञान समजावून सांगा.

एक घाईची सूचना : टँकरचं बिल सगळ्या फ्लॅटवर सारखं वाटलं जातंय, तोवर काय धुवायचं ते धुऊन घ्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याचे मीटर बसवायचा ठराव येतोय.